आईची फाइल

मी एक जुनी फाइल आहे. कागदांची नव्हे, पोलादाची. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे, कारण त्या दिवशी ते कोणीच सांगितले नाही.

त्या दिवशी बुधवार होता. दुपारचे बारा वाजत आले होते. रुग्णालयाच्या खिडकीमागे बसलेल्या बाईने मान वर न करता विचारले, "पेशंटची फाइल?" माझ्या मालकाने खिशात हात घातला आणि मला तिच्यापुढच्या काचेवर ठेवले. मी वीतभर लांबीची, विणकामाच्या सुईएवढी जाड, टोकाकडे निमुळती होत गेलेली गोल कानस आहे. माझ्या मुठीला निळा दोरा गुंडाळलेला आहे. त्या बाईने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. रांगेत मागे उभे असलेले दोघे हसले. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "काका, कागदांची फाइल. औषधं लिहिलेली असतात ती."

मला उचलून त्याने खिशात टाकले आणि तो घराकडे पळत सुटला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पायात कारखान्याचे जड बूट. घरी कपाटावर पिवळ्या पुठ्ठ्याची एक फाइल होती. ती काखेत मारून तो तसाच परत आला. तोवर त्याची मुलगी बाहेर दारापाशी येऊन उभी होती. तिने त्याच्याकडून ती पिवळी फाइल घेतली, पण उघडली नाही. नुसती छातीशी धरून उभी राहिली.

तेव्हा त्याला कळले. मलाही तेव्हाच कळले. कारण त्याने खिशात हात घालून मला इतके घट्ट धरले की माझे दात त्याच्या तळव्यावर उमटले.

मित्रांनो, हे कसे झाले ते सांगायचे तर मला माझ्या जन्मापासून सुरुवात केली पाहिजे.

मी आधी पोलादाची एक साधी कांब होते. मला तापवून, ओढून बारीक केले. मग अंगावर दात पाडले. दात पाडताना मी मऊ होते, म्हणून फारसे दुखले नाही. त्यानंतर मला लाल होईपर्यंत तापवले आणि एकदम गार पाण्यात बुडवले. तेव्हापासून मी कठीण आहे. तेव्हापासूनच ठिसूळही आहे. मला वाकवायला गेलात तर मी वाकत नाही, सरळ तुटते. माझी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मी घासून काढू शकते, काढलेले परत लावू शकत नाही.

मला विकत घेतले ते एका फिटरने. तो एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या झाकणांचे साचे तयार करायचा. मोठ्या यंत्रावर साचा कापून झाला की कोपऱ्यात, भोकांच्या काठांवर बारीक काटे राहतात. ते हाताने घासून काढावे लागतात. त्याच्याकडे तशा सात फाइली होत्या. सहा मोठ्या, सपाट, तिकोनी, अर्धगोल. सातवी मी. जिथे बाकीच्यांचे अंग शिरत नसे तिथे मला बोलावत.

त्याने मला घरी दाखवायला नेले तो दिवस मला आठवतो. त्याची बायको शिवणकाम करायची. खिडकीशी तिचे पायाचे मशीन होते आणि आजूबाजूला लोकांचे कपडे. तिने मला चिमटीत धरले आणि विचारले, "अहो, हे काय दातकोरणं आणलंत?"

"दातकोरणं नाही. फाइल आहे ती."

"कानस म्हणा की सरळ."

"कारखान्यात कोणी कानस म्हणत नाही. फाइल म्हणतात. कानस म्हटलं की माणूस अडाणी वाटतो."

"मग मी अडाणी."

"आता नाही राहायचीस. म्हण बघू, फाइल."

"फाइल," ती म्हणाली आणि तिने पदर सावरून मान ताठ केली. "दिसते का आता शिकलेली?"

दोघेही हसले. त्या वेळी हे हसण्यासारखेच होते. त्यानंतर तिने मला कधीही कानस म्हटले नाही.

माझी मूठ गुळगुळीत होती. घामाने ती त्याच्या बोटांतून सटकायची. एका रविवारी तिने मशीनजवळचे निळ्या दोऱ्याचे रीळ उचलले आणि माझ्या मुठीवर दोरा इतका घट्ट, इतका जवळजवळ गुंडाळला की खालचे पोलाद दिसेनासे झाले. शेवटचे टोक तिने सुईने आत ओवून घेतले. आज तेवीस वर्षे झाली, तो दोरा सुटलेला नाही.

माझ्या दातांत धातूचा कीस अडकू नये म्हणून फिटर आमच्यावर खडू घासत असे. आणि खडू कोणता, तर बायकोचा कापडावर खुणा करायचा. "माझे खडू जातात कुठे, हे मला कळत नाही असं समजू नका," ती म्हणायची. "एक दिवस मी तुमच्या फाइलीने कापडावर खुणा करीन." पण दर महिन्याला ती एक खडू जास्तीचा आणायची आणि मशीनच्या कडेला, त्याला सहज दिसेल असा ठेवायची.

माझी बरीच चांगली वर्षे अशी गेली. फोरमन साच्यावरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "हात कुणाचा लागलाय ते कळतं." फिटर मला पुसून डब्यात ठेवायचा. कौतुक त्याचे व्हायचे, पण मी आपला वाटा त्यातून काढून घेत असे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला छातीचे दुखणे निघाले. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. रुग्णालयाने पिवळ्या पुठ्ठ्यात घालून सगळे कागद दिले. ती घरी आली आणि ते बाड कपाटावर ठेवत म्हणाली, "घ्या. आता माझीही फाइल झाली. तुमच्या सात, माझी एक."

मुलगी तेव्हा नुकतीच शाळेत इंग्रजी शिकवायला लागली होती आणि आईवडिलांजवळच राहत होती. तीही ऐकून हसली. मित्रांनो, एकाच नावाच्या दोन वस्तू एका घरात असल्या की काय होऊ शकते, याचा त्या तिघांपैकी कोणी विचार केला नाही. मीही केला नाही.

आम्ही सातजणी एकाच पत्र्याच्या डब्यात राहायचो. डबा हलला की एकमेकींवर आपटायचो आणि दात बोथट व्हायचे. एका सुट्टीत त्याने डबा घरी आणला होता, तेव्हा तिने तो उघडून पाहिला.

"माझ्या सुया मी अशा एकीवर एक टाकल्या असत्या तर?"

"चालतं ग. फाइली आहेत त्या."

"म्हणून तर. इतकी वर्षं त्यांच्या जिवावर खाल्लं आणि त्यांना झोपायला नीट जागा नाही."

तिने जाड कॅनव्हासचा तुकडा आणला. त्याला उभे कप्पे शिवायचे, प्रत्येकीला एक, आणि मग सगळे गुंडाळून वर नाडी बांधायची असा तिचा बेत होता. माप घ्यायला तिने आम्हाला एकेक करून कापडावर झोपवले आणि खडूने कडेकडेने रेषा मारल्या. लोकांचे कपडे सांभाळून ती रोज थोडे थोडे शिवत होती. सहा कप्पे पुरे झाले. सातव्याला कापडाच्या चार घड्या एकत्र आल्या. सुई वाकली, खालच्या पोलादी पट्टीवर आपटली आणि तुटली. सुई ज्या भोकातून खाली जाते त्या भोकाच्या काठावर एक बारीक काटा उठला. इतका बारीक की डोळ्यांना दिसत नव्हता, पण बोटाला लागायचा. त्यानंतर तिने सुई बदलली, दोरा बदलला. तरी दर चार टाक्यांनी दोरा तुटायचा.

"अहो, ती बारीक फाइल आणा ना घरी. हा काटा काढून द्या. कामं अडलीत."

"उद्या आणतो."

मापे झाल्यावर आम्ही परत गेलो होतो आणि मी कारखान्याच्या खणात होते. माझ्याजोगे ते काम दोन मिनिटांचे होते. पण संध्याकाळी भोंगा झाला की तो हात धुऊन निघायचा आणि घराच्या पायरीवर त्याला माझी आठवण व्हायची.

"तुमचा उद्या आठ दिवसांचा होणार, दिसतंय," ती दुसऱ्याच दिवशी म्हणाली. "ती फाइल आता माझीच समजा. कारखान्यात माझी वस्तू अडकलीये."

मग मुलीला एक खेळच मिळाला. वडील दारात आले की ती विचारायची, "बाबा, आईची फाइल आणली का?" आणि ते कपाळावर हात मारायचे. ते आठ दिवस त्या घरात आईची फाइल म्हणजे मी होते.

आठव्या दिवशी, त्या बुधवारी, सकाळी दहाच्या सुमाराला त्याची बायको मशीनवर बसल्या बसल्या घामाने भिजली. मुलीला सुट्टी होती. शेजारच्या काकूंना घेऊन, मिळाली त्या गाडीत तिने आईला रुग्णालयात नेले. घाईत कपाटावरची पिवळी फाइल राहून गेली. डॉक्टरांनी जुने कागद मागितले. काकू आईजवळ होत्या आणि मुलीला डॉक्टरांसमोरून हलता येत नव्हते. घरात मोबाइल एकच आणि तो तिच्याजवळ. तिने कारखान्याच्या गेटवर फोन लावला.

कारखान्यात यंत्रांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. गेटवरचा वॉचमन निरोप घेऊन चालत आत आला. तो भला माणूस होता. त्याने एकही शब्द गाळला नाही.

"तुमच्या मुलीचा फोन होता. आईची फाइल घेऊन लगेच या म्हणाली."

"आणखी काही?"

"नाही. घाईत होती. लगेच या, इतकंच."

फिटर हसला. फोरमनला म्हणाला, "साहेब, तासभर जाऊन येतो. घरचा धीर सुटला."

"जा बाबा," फोरमन म्हणाला. "नाहीतर तुझ्या सदऱ्याला बटणं लागायची बंद होतील."

त्याने खण उघडला, मला घेतले आणि खिशात घातले. मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. आठ दिवस मी त्या हाकेची वाट पाहत होते. वाटेत तो एका दुकानात थांबला आणि त्याने जाड कापडाच्या सुयांचे पाकीट घेतले. दुकानदाराने नंबर विचारला, तो त्याला आठवेना, म्हणून दोघांनी चार पाकिटे उघडून पाहिली. तिथे किती वेळ गेला ते मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे.

घराला नुसती कडी होती. आत कोणी नव्हते. मशीनवर कॅनव्हास तसाच, सुई कापडात रुतलेली. तो समजला की दोघी शेजारी गेल्या असतील. ती यायच्या आत काम करून ठेवावे, असे त्याच्या मनात आले. त्याने कापड बाजूला केले, पट्टीचे दोन स्क्रू काढले, पट्टी तळहातावर घेतली. मशीनच्या कडेला ठेवलेला खडू उचलून माझ्यावर घासला. माझे टोक भोकाला टेकले होते. तेवढ्यात शेजारच्या काकूंचे म्हातारे सासरे दारात आले.

"अरे, तू इथे काय करतोस? सगळी माणसं दवाखान्यात गेलीत. तुला कोणी सांगितलं नाही?"

तो तसाच उठला. पट्टी मशीनवर राहिली. मी त्याच्या मुठीत होते, म्हणून मी गेले. कपाटाकडे त्याने पाहिलेही नाही. पुढे खिडकीवर काय झाले ते मी सुरुवातीलाच सांगितले.

डॉक्टरांनी त्याला सांगितले की कागद वेळेवर आले असते तरी त्याची बायको वाचली नसती. हृदय थांबायलाच आले होते. त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा विचारले. आठवड्याने तिसऱ्यांदा गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही किती वेळा आलात तरी मी हेच सांगणार आहे. कारण ते खरं आहे." तो "बरं" म्हणाला. पण घरी येताना त्याचा हात खिशात होता आणि मी त्या हातात होते. मला त्याचा विश्वास बसलेला जाणवला नाही.

कारखान्यात तो जाऊ लागला. बाकीच्या सहाजणी तिथे खणात होत्याच. मला त्याने घरीच ठेवले. माझ्याजोगे काम आले तर तो शेजारच्या टेबलावरून दुसऱ्याची फाइल मागून आणतो. फोरमनने एकदा विचारले, "तुझी कुठे गेली?" तो म्हणाला, "घरी आहे." फोरमनने पुढे विचारले नाही.

महिन्याभराने मुलगी शाळेतून एक जाडजूड शब्दकोश घेऊन आली. तिने तो जेवणाच्या टेबलावर उघडला आणि वडिलांना हाक मारली.

"बाबा, इकडे बघा. फाइल दोनदा आहे."

"छापताना चुकले असतील."

"नाही. एक नंबर, दोन नंबर. दोन वेगळे शब्द आहेत. कागदांची जी आहे ना, ती दोऱ्यापासून आलीये. लॅटिन भाषेत दोऱ्याला जो शब्द होता, त्यापासून. पूर्वी कागद दोऱ्यात नाहीतर तारेत ओवून ठेवायचे. ते ओवलेले कागद म्हणजे फाइल. माणसं एकामागे एक रांगेत उभी राहतात, त्या रांगेलाही फाइल म्हणतात. तोही त्याच दोऱ्याचा गोतावळा."

"आणि माझी?"

"तुमची दुसरी. ती जुन्या इंग्रजीतली. पहिल्यापासून घासायचीच. तिचं मूळ काय ते नक्की सांगत नाहीत. कापणं, कोरणं असं काहीतरी असावं म्हणतात."

"म्हणजे या बहिणी नव्हेत."

"लांबच्यासुद्धा नाहीत. बोलता बोलता, लिहिता लिहिता सारख्या दिसायला लागल्या. बाबा, चूक या शब्दाची आहे. तुमची नाही." तिने पानाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "आणि माझी पण नाही."

मी टेबलाच्या खणात होते. खण अर्धा उघडा होता. माझ्याच जन्माची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. जिच्याशी माझे काहीच नाते नाही तिचे नाव मी सगळा जन्म वापरले. आणि माझ्या मुठीवर तर दोराच गुंडाळलेला आहे.

फिटरने त्या छापील ओळींवरून बोट फिरवले. त्याला इंग्रजी वाचता येत नाही. मग तो म्हणाला, "ती कानसच म्हणायची."

"कोण?"

"तुझी आई. पहिल्या दिवशी ती कानसच म्हणाली होती. मी तिला फाइल म्हणायला लावलं. कानस म्हटलं की अडाणी वाटतं म्हणालो." त्याने शब्दकोश मिटला. "ती कानस म्हणत राहिली असती तर तूही कानसच म्हणाली असतीस. शब्दाचं कशाला नाव घेतेस?"

मुलीने पुस्तक परत पिशवीत घातले. आणि जाता जाता एवढेच म्हणाली, "मलासुद्धा त्या दिवशी कागदांची म्हणायचं, दवाखान्यात या म्हणायचं सुचलं नाही, बाबा. आठ दिवस मीच तुम्हाला आईची फाइल, आईची फाइल करत होते." तो उठला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

त्यानंतरच्या रविवारी तिने मशीन पुसले. आईच्या वस्तूंना पहिल्यांदाच हात लावत होती. "बाबा, तो काटा काढून द्या ना. पट्टी बसवली की शेवटचा कप्पा मी शिवते. मला येतं तेवढं."

त्याने पट्टी हातात घेतली. मला खणातून काढले. खडूही घासला. मग त्याने भोकाच्या काठावरून बोट फिरवले. काटा अजून तिथेच होता. तो त्याच्या बोटाला लागला. त्याने पुन्हा बोट फिरवले, पुन्हा लागला. मला वाटते त्याच्या मनात तेच आले असावे जे माझ्या मनात आले. हा काटा तिने केला होता. सातव्या कप्प्याशी तिचा हात ज्या जागी अडला, ती ही जागा. मी दोन वेळा पुढे सरकले असते तर तो गेला असता, आणि मी काढलेले परत लावू शकत नाही.

"नंतर बघू," तो म्हणाला.

"उद्या?" तिने विचारले.

त्याने तिच्याकडे पाहिले. तो शब्द त्या घरात आता कोणी सहज उच्चारत नाही.

आता मी खणात असते. शेजारी ती पिवळी फाइल आहे. मुलीनेच ती इथे आणून ठेवली. आमचे नाव एक आहे, नाते काही नाही, आणि त्या दिवशी जी हवी होती ती मी नव्हते. तिचा पुठ्ठा कोपऱ्यावर मऊ पडला आहे. माझ्या टोकाला गंजाचा एक ठिपका आला आहे.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिला दुसरीवर टाकू नका, दमट जागी ठेवू नका, तिच्या दातांतला कीस ब्रशने काढत जा. आणि तुम्हाला कोणी फाइल घेऊन बोलावले तर कुठली ते विचारा. समोरचा घाईत असला तरी विचारा. तो चिडला तर चिडू द्या. आणि घरात कोणी एखाद्या वस्तूला आपल्या तोंडातल्या जुन्या नावाने हाक मारत असेल, तर ते नाव बदलायला लावू नका.

पट्टी आणि तिचे दोन स्क्रू एका छोट्या डबीत ठेवले आहेत. कॅनव्हासचे सहा कप्पे शिवून तयार आहेत. सातव्याच्या खडूच्या रेषा पुसट झाल्या आहेत, पण अजून दिसतात. तो कप्पा शिवायचा राहिला आहे.